अर्धा तास कुणाचा?

परवा रविवारी संध्याकाळी पोराच्या हट्टापायी हायवेवरच्या एका फास्ट फूडवाल्याकडे गेलो होतो. कोणता ते लिहीत नाही, विषय त्या एका दुकानाचा नाही. पैसे आधी भरले, पावतीवर नंबर आला १४७. वरच्या पडद्यावर १३९ दिसत होता. म्हटलं आठच नंबर आहेत, पाच-सात मिनिटांत येईल. १४४ झाला, १४५ झाला, १४६ झाला. मग एकदम १४८. मग १५१. काउंटरवरच्या मुलीला विचारलं तर म्हणाली, "सर, प्रोसेसमध्ये आहे." बावीस मिनिटांनी बर्गर हातात आला तेव्हा पोरगा खुश होता आणि मी पेटलेलो होतो.

माझ्या शेजारी पाठीवर चौकोनी पिशवी अडकवलेला एक मुलगा उभा होता, माझ्याही आधीपासून. मी आवाज चढवला तसा तो हळूच म्हणाला, "दादा, तुम्ही बोला. आम्ही बोललो तर ऐकत नाहीत." मी विचारलं, इथे उभं राहण्याचे तुला काही मिळतात का? "फेरीचे मिळतात. उभं राहायचे कुठे मिळतात?"

आता गंमत बघा. आदल्याच दिवशी मी अंजूरफाट्यावर एका वड्याच्या गाडीपाशी जवळजवळ तेवढाच वेळ उभा होतो. मावशी म्हणाल्या होत्या, "मागचा घाणा संपला, बटाटा आत्ता कालवतेय, थांबणार असलास तर थांब." थांबलो. दोन ओळखीचे भेटले, ग्रामपंचायतीचा विषय निघाला, वडे आले, खाल्ले, घरी आलो. चिडचिड नाही, काही नाही. मिनिटं तेवढीच होती. मग एका ठिकाणी मी पेटलो आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, हे कसं?

वीस वर्षं बातमीदारी करतोय. रेशनची रांग, टँकरची रांग, आधारची रांग, सगळ्यांवर लिहिलं. खाण्यासाठी थांबण्यावर कधी लिहिलं नव्हतं. म्हणून जरा मागे जाऊन बघितलं, तर ही गोष्ट फिरून फिरून आपल्याच भागात येते. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात गिरणगावापासून करतो. आमचे थोरले काका परळच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. ते सांगायचे की गिरणीत घड्याळ कामगाराच्या मनगटावर नसतं, भोंग्यात असतं. पाळी भोंग्यावर सुरू, भोंग्यावर संपणार, आणि मधे अर्ध्या तासाची सुट्टी. ही अर्ध्या तासाची सुट्टी मालकाची मेहेरबानी नव्हती, कायदा होता. १९४८ चा कारखाना अधिनियम, कलम ५५ : सलग पाच तासांपेक्षा जास्त काम करून घ्यायचं नाही, त्याआधी निदान अर्धा तास विश्रांती द्यायची. या ओळीवर मी बराच वेळ अडकलो होतो. आपल्याकडच्या झटपट खाण्याचा खरा जन्म मला तरी तिथेच दिसतो. अर्ध्या तासात हात धुवायचे, जेवायचं, तंबाखू मळायची, गावचं पत्र आलं असेल तर वाचून घ्यायचं. त्यात कुणी दहा मिनिटं जेवणासाठी तिष्ठत ठेवलं तर ते काका परवडूच शकत नव्हते.

म्हणून गिरणगावात खानावळी चालल्या. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले पुरुष, एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपणारे. त्यांचं जेवण करणाऱ्या बायकांना कुणाची पाळी कधी सुटते हे तोंडपाठ. माणूस दारात आला की ताट तयार, पैसे महिन्याचे महिन्याला. ऑर्डर देणं नाही, बिल नाही, सुट्ट्या पैशांची भानगड नाही. म्हणजे थांबण्याची जी जी कारणं असतात ती सगळी आधीच काढून टाकलेली. या बायका मात्र पहाटेपासून चुलीपुढे, आणि सावकाराच्या व्याजात बुडालेल्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे त्यांच्या कष्टांची बाहेर दखल घेतली गेली. काकांचं थांबणं शून्यावर आलं होतं ते त्यांच्या पहाटेच्या जोरावर. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरा धागा वडापावचा. दादर स्टेशनबाहेर १९६६ साली अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. वडा आधीही होता, पावही होता. (पाव हा शब्द पोर्तुगीज. पोर्तुगीजांना वसईतून घालवण्याच्या मोहिमेत आपल्या अंजूरच्या गंगाजी नाईकांचा मोठा वाटा. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले, पाव मात्र राहिला!) नवीन होतं ते दोन्ही एकत्र करून उभ्या माणसाच्या हातात देणं. ताट नको, चमचा नको, बसायला बाकडं नको. पश्चिम आणि मध्य, दोन्ही रेल्वे दादरला एकत्र येतात. माणसं गाडी बदलतात, आणि त्या बदलाबदलीत जी तीन-चार मिनिटं हाताशी असतात तेवढ्यात बसणारा हा पदार्थ.

वडेवाल्याचं कौशल्य नीट बघितलंय का कधी? तो ग्राहक आल्यावर वडा तळत नाही. तो घाणा काढतो, म्हणजे एका वेळी कढईत मावतील तेवढे. गर्दी कधी येणार हे त्याला ठाऊक असतं, कारण गर्दी लोकलच्या टायमाने येते. गाडी यायच्या आत घाणा बाहेर. पाव आधीच चिरलेले, चटणी हाताशी, मिरच्या मीठ लावून बाजूला, कागदाचे तुकडे खिळ्याला. एका माणसाला दहा-पंधरा सेकंद.

याचं गणितही आहे, आणि ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग नावाच्या माणसाने १९०९ साली मांडायला सुरुवात केली. त्याला टेलिफोनच्या लाइनी किती लागतील ते काढायचं होतं. त्यातून पुढे रांगेचं अख्खं शास्त्र उभं राहिलं. सोपं करून सांगतो. समजा एका काउंटरवर एक माणूस सरासरी एका मिनिटात एक गिऱ्हाईक उरकतो, म्हणजे तासाला ६०. लोक आपल्या मर्जीने, कधी एकटे कधी घोळक्याने येतात, आणि कुणाला कमी, कुणाला जास्त वेळ लागतो. तासाला ३० लोक आले तर प्रत्येकाला सरासरी एक मिनिट थांबावं लागतं. आता तासाला ५४ आले, म्हणजे दुप्पटही नाहीत. तुम्ही म्हणाल दोन मिनिटं? नाही, नऊ मिनिटं! काउंटर जसजसा भरत जातो तशी रांग हळूहळू वाढत नाही, एकदम फुगते. रविवारी संध्याकाळी हायवेवर माझं जे झालं ते हेच. मालकाने माणसं मोजून मापून ठेवली की गर्दीच्या तासाला पाच-सहा लोक जरी जास्त आले तरी सगळं कोलमडतं. वडेवाल्याला हे सूत्र माहीत नसतं, पण घाणा आधी काढून ठेवला की आपण मागे पडत नाही हे त्याला पक्कं माहीत असतं.

आणि गंमत म्हणजे, ज्या १९४८ साली आपल्याकडे अर्ध्या तासाच्या सुट्टीचा कायदा आला, त्याच साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावी दोन भावांनी आपलं चांगलं चाललेलं हॉटेल काही महिने बंद ठेवलं. मॅकडोनाल्ड बंधू. गाडीपाशी येऊन ऑर्डर घेणाऱ्या पोरी काढून टाकल्या, काचेच्या-चिनीमातीच्या प्लेटा काढल्या, पंचवीसेक पदार्थांच्या यादीतून नऊ ठेवले, आणि स्वयंपाकघर गिरणीसारखं लावलं. एक जण फक्त पाव भाजणार, एक फक्त मांस, एक फक्त सॉस. पंधरा सेंटला बर्गर, आणि तोही आधीच बनवून गुंडाळून ठेवलेला. त्यांच्याकडे या पद्धतीचं नावच वेगावरून ठेवलेलं होतं. म्हणजे तिकडे हॉटेलवाल्याने कारखान्याची नक्कल केली आणि इकडे कारखान्यातल्या माणसाच्या पोटासाठी वडेवाला उभा राहिला. दोघांचा शोध एकच, तयार करून ठेवा आणि गिऱ्हाइकाला थांबवू नका.

आपल्याकडे मॅकडोनाल्ड आलं १९९६ ला, दिल्लीत, आणि त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर. डॉमिनोजही त्याच वर्षीचं. मी तेव्हा शिकत होतो. आम्ही चार मित्र अंजूरहून ठाणे आणि ठाण्याहून लोकल बदलत वांद्र्याला गेलो, फक्त ते बघायला. येण्याजाण्यात चार तास गेले आणि आत रांगेतही बराच वेळ. पण कुणी कुरकुर केली नाही. एसीत उभे होतो, लोकांकडे बघत होतो, गेल्यावर काय मागायचं याची आपसात रंगीत तालीम चालली होती. म्हणजे झटपट खाण्याच्या दुकानात आम्ही सगळ्यात हळू खाल्लं आणि सगळ्यात जास्त खुश होऊन आलो.

याचं उत्तर अमेरिकेतल्या एका प्राध्यापकाने १९८५ मध्ये देऊन ठेवलं होतं. डेव्हिड मेस्टर, हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकवायचे. रांगेत माणसाच्या मनाचं काय होतं यावर त्यांनी एक निबंध लिहिला आणि तो आजही वाचला जातो. त्यांचं म्हणणं असं की गिऱ्हाइकाचं समाधान घड्याळावर ठरत नाही. त्याने काय अपेक्षा धरली होती आणि त्याला काय झाल्यासारखं वाटलं, या दोहोंतल्या फरकावर ठरतं. रिकामा वेळ लांब वाटतो, गप्पांत गेलेला वेळ छोटा. किती थांबायचं हे कळलं तर माणूस थांबतो, न कळता थांबवलं तर जीव टांगणीला. का थांबवलंय हे कुणी सांगितलं नाही तर ते थांबणं दुप्पट. आणि माझ्या मागून आलेल्याला माझ्याआधी मिळालं, तर मग विचारूच नका.

आता १४७ नंबर या निबंधावर ठेवून बघा. पडद्याने मला आठ नंबरांची आशा लावली, म्हणजे अपेक्षा त्यानेच तयार केली. का उशीर होतोय हे कुणी बोललं नाही, "प्रोसेसमध्ये" या शब्दात काही सांगितल्याचा फक्त भास आहे. आणि १४८ पुढे गेला. कदाचित त्याला नुसता कोल्ड्रिंक हवा असेल, पण मला ते कोण सांगणार? भिंतीपलीकडे काय चाललंय ते दिसतच नव्हतं. गाडीवर मावशींनी एका वाक्यात कारण सांगितलं, मुदत सांगितली आणि निर्णय माझ्यावर सोडला. कढई समोर होती. बटाटा मळला जाताना दिसत होता, त्यामुळे तो वेळ वाया जातोय असं वाटलंच नाही, उलट ताजं मिळणार याची खात्री पटत होती.

ठाण्याची मामलेदार मिसळ जुन्या लोकांना विचारा. मामलेदार कचेरीच्या शेजारची म्हणून ते नाव पडलं. आमच्या घरचे जमिनीच्या कामासाठी ठाण्याला गेले की तिथे जायचेच. जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहून, त्याच्या वाटीत किती रस्सा उरलाय ते बघत नंबर लावायचा. हा आपला देशी पडदा! पण पाच-दहा मिनिटांत मिसळ समोर यायची. शेजारच्या कचेऱ्यांमधे दिवस दिवस बसून "साहेब मीटिंगमध्ये आहेत" ऐकलेल्या माणसाला ती पाच मिनिटं काय वाटत असतील? मला वाटतं त्या मिसळीच्या चवीत थोडा हात कचेरीचाही असणार.

असो. आता जरा कडू भाग.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. संप कधी मागे घेतला गेलाच नाही असं म्हणतात, गिरण्याच गेल्या. कितीतरी जणांनी नाक्यानाक्यावर वडापावच्या गाड्या टाकल्या. काल रांगेत उभा असणारा आज कढईमागे उभा राहिला. काका मात्र गावी आले आणि भिवंडीत मागावर लागले, कारण कापड गिरण्यांतून निघून इकडेच येत होतं. पण इथे भोंगा नव्हता. बारा बारा तासांची पाळी, आणि बरेच कारखाने लहान लहान तुकड्यांत नोंदलेले, त्यामुळे कारखाना कायद्याचा हात तिथवर पोचतच नव्हता. जेवायला भिशी. (बाहेरच्यांसाठी : भिवंडीत भिशी म्हणजे फक्त पैशांची नाही, मागवाल्यांच्या मेसलाही भिशीच म्हणतात.) काका म्हणायचे, परळला अर्धा तास माझा होता, इथे माग चालू ठेवून जेवतो.

त्यानंतर आपल्या भागाला गोदामं आली. वळ, दापोडे, माणकोली, राहनाळ, पूर्णा, आपलं अंजूर. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात, मग हद्दीबाहेर साठवा आणि लागेल तसा आत न्या, या हिशेबाने व्यापारी इकडे आले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं वाढतच राहिली. कारण आता ऑनलाइन मागवणारा गिऱ्हाईक होता, आणि त्याला थांबायचं नव्हतं.

इथे डॉमिनोजची गोष्ट सांगायला हवी, कारण तीस मिनिटांचं वेड त्यांनीच जगाला लावलं. अर्ध्या तासात पिझ्झा आला नाही तर फुकट, पुढे पुढे पैशात सूट. (पुन्हा तोच अर्धा तास, बघा!) अमेरिकेत या घाईत गाड्या ठोकल्या जायला लागल्या. सेंट लुईस शहरात कंपनीच्या एका ड्रायव्हरने सिग्नल तोडून एका बाईच्या गाडीला धडक दिली होती. १९९३ च्या डिसेंबरमध्ये ज्युरीने कंपनीला जवळजवळ आठ कोटी डॉलरचा दणका दिला, आणि काही दिवसांतच कंपनीने अमेरिकेतली ती हमी मागे घेतली. पुढे तडजोडीत रक्कम बरीच खाली आली हा भाग वेगळा. त्यानंतर तीनच वर्षांनी कंपनी भारतात आली, आणि तीस मिनिटांची तीच हमी इथे मोठमोठ्या जाहिरातींवर झळकली. आम्हाला ती फार आवडली. उशीर व्हावा म्हणून देवाला साकडं घालणारे मित्र मला माहीत आहेत.

मार्च २०२२ मध्ये झोमॅटोने दहा मिनिटांत जेवण पोचवायची घोषणा केली तेव्हा बरीच टीका झाली. कंपनीने खुलासा केला की मुलांवर घाई करायचा दबाव नाही, उशिराला दंड नाही, जवळच तयार ठेवलेले पदार्थ असतील. म्हणजे वडेवाल्याचा घाणाच. वर्षाच्या आत ती योजना गुंडाळली गेली. पण दहा मिनिटं हा आकडा लोकांच्या डोक्यात बसायचा तो बसला. मेस्टरसाहेबांचं सूत्र इथे उलटं फिरतं. अपेक्षा दहाची लावून दिली की बारा मिनिटंसुद्धा चीड आणतात. वीस वर्षांपूर्वी घरपोच काही येतं यानेच आपण हरखून जायचो.

तर त्या मुलाकडे परत येतो, चौकोनी पिशवीवाल्या. त्याच्याशी बाहेर दहा मिनिटं बोललो. राहतो आपल्याच पट्ट्यात. ऑर्डर फोनवर दिसली की घड्याळ सुरू. हॉटेलात पदार्थ तयार नसेल तर उभं राहायचं, ते मिनिट कुणाच्याच हिशेबात नाही. मग पिशवी मिळाली की अंजूरफाट्याचा चौक, मेट्रोचे खांब, कंटेनरच्या रांगा. गिऱ्हाइकाच्या फोनवर त्याची छोटीशी गाडी नकाशावर सरकताना दिसते, म्हणजे गिऱ्हाइकाचं थांबणं सुसह्य व्हायची सोय झालेली आहे. याला मात्र हॉटेलातल्या स्वयंपाकघराचा नकाशा कुणी दिलेला नाही. जेवतोस कधी विचारलं तर म्हणाला, "ऑर्डर नसली की." काकांच्या कलम ५५ बद्दल त्याला सांगावंसं वाटलं, पण जीभ वळली नाही. तो कारखान्यात नाही, कामगारही नाही. कंपनीच्या भाषेत तो पार्टनर आहे. अशा मुलांसाठी वेगळा कायदा पहिल्यांदा केला राजस्थानने, २०२३ मध्ये. आपल्या आमदार-खासदारांना यावर दोन वेळा प्रश्न विचारला, दोन्ही वेळा "बघू" असं उत्तर मिळालं. ते उत्तरही प्रोसेसमध्येच असावं.

मी त्या दुकानात बावीस मिनिटांसाठी भांडलो, माझ्यापुरतं बरोबरच होतं. खानावळीतल्या बाईची पहाट आणि या मुलाचं उभं राहणं मात्र मला लिहायला बसेपर्यंत एकत्र सुचलं नाही, हे कबूल करतो.

तुम्हाला दोन गोष्टी मागायच्या आहेत. अंजूर, वळ, दापोडे, काल्हेर भागातून ज्यांच्या घरचं कुणी गिरणीत होतं त्यांनी खानावळीचं जुनं कार्ड, हिशेबाची वही, फोटो, काही सापडलं तर मला दाखवा, परत करीन. आणि जी पोरं डिलिव्हरीवर आहेत त्यांनी पुढचे सात दिवस हॉटेलच्या दारात उभं राहण्याची मिनिटं एका कागदावर लिहून ठेवा, हॉटेलचं नाव नको, नुसता दिवस, वेळ आणि मिनिटं. पुढच्या रविवारी संध्याकाळी मी मावशींच्या गाडीपाशी असेन. वडे माझ्याकडून. मावशींना आधी सांगून ठेवलंय, घाणा मोठा काढतील.